कात अडते तेव्हा

जानेवारीतल्या एका सकाळी पेटीतल्या ओंडक्याखाली मला कातीचे अकरा तुकडे सापडले. एरवी आमच्या बॉल पायथनची कात पायातला मोजा ओढून काढावा तशी उलटी होऊन, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध यायची. मी तुकडे ओल्या टॉवेलवर पसरले आणि डोक्याचा भाग खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या डोळ्याच्या जागी घड्याळाच्या काचेसारखी छोटी गोल चकती होती. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं भोक. म्हणजे ती चकती अजून सापाच्या डोळ्यावरच होती. त्याला अलगद हातात घेऊन पाहिलं, तर डाव्या डोळ्यावर कांद्याचा पापुद्रा सुकून चिकटावा तशा बारीक सुरकुत्या दिसत होत्या.

मराठीत कात टाकणं म्हणजे जुनं मागे सोडून नव्या जोमाने उभं राहणं. एखाद्या शहराने किंवा एसटीच्या जुन्या स्थानकाने कात टाकली असं आपण सहज म्हणतो. सापासाठी मात्र ते मोठं कष्टाचं काम आहे. आधीचे दहा-बारा दिवस तो खात नाही, लपून बसतो, आणि त्यातले काही दिवस त्याला धड दिसत नाही. शिकागोच्या उपनगरातल्या या घरात मी नऊ वर्षं साप सांभाळतो आहे. या काळात पाळणाऱ्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच: कात अडली, आता काय करू? उत्तरं ढीगभर मिळतात आणि त्यातली निम्मी एकमेकांच्या विरुद्ध असतात. शरीरशास्त्राचे अभ्यासक, सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर आणि पाळणारे, या तिघांचं म्हणणं एकत्र ठेवून पाहावं यासाठी हा आढावा.

पहिली गोष्ट डॉक्टर मंडळी ठामपणे सांगतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कात अडणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. अंगाला चिकटलेला तुकडा ओढून काढला की पाळणाऱ्याला हायसं वाटतं, पण ज्या कारणाने तो अडकला ते कारण पेटीत तसंच राहतं. बहुतेक वेळा ते कारण हवेत असतं.

सापाच्या कातडीत नेमकं काय घडतं हे पॉल मॅडरसन यांनी १९६५ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने मांडलं. आपली कातडी रोज थोडी थोडी झडते, सापाची एकदम बदलते. जुन्या थराखाली आतला नवा थर पूर्ण तयार होतो आणि काही दिवस सापाच्या अंगावर दोन कातड्या एकावर एक असतात. मग दोन्हींच्या मधल्या पेशी विरघळू लागतात आणि तिथे द्रव साठतो. त्या द्रवामुळे अंगाचे रंग मळकट होतात, पोट गुलाबीसर दिसतं आणि डोळे दुधाळ निळे होतात. पाळणारे म्हणतात, साप ब्लूमध्ये गेला. तीन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा माणूस इथेच फसतो. डोळे निवळले म्हणजे झालं असं त्याला वाटतं, पण कात त्यानंतर आणखी चार-पाच दिवसांनी निघते. साप ओठांची कड खरखरीत दगडावर किंवा लाकडावर घासतो, कात तिथे सुटते, आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. त्या वेळी दोन थरांच्या मधला ओलावा टिकलेला असेल आणि जुना थर मऊ असेल तर सगळं अर्ध्या तासात आटोपतं. तोच थर वाळून कडक झाला असेल तर तो खवल्यांच्या मधे फाटतो आणि तुकडे जागच्या जागी चिकटतात.

मग एक साधा प्रश्न उभा राहतो. सापाची कातडी तर कोरडी आणि पाणी अडवणारी मानली जाते, तिला हवेतल्या ओलाव्याची एवढी गरज का? बराच काळ समज असा होता की पाणी खवले अडवतात. १९७२ मध्ये लिख्ट आणि बेनेट यांना जन्मतःच खवले नसलेला एक गोफर स्नेक मिळाला. त्याच्या अंगातून उडणारं पाणी त्यांनी मोजलं, तर ते खवले असलेल्या सापाइतकंच निघालं. १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि लिलीव्हाइट यांनी पाणी अडवण्याचं खरं काम कातडीतल्या स्निग्ध पदार्थांच्या पातळ थराकडे असल्याचं दाखवलं. २००२ मध्ये फ्लोरिडातल्या हार्वे लिलीव्हाइट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया किंगस्नेकच्या पिल्लांवर केलेलं काम मला फार आवडतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात टाकतं, आणि त्या एका कातीनंतर त्याच्या कातडीतून उडणारं पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे कात टाकणं ही केवळ वाढीसाठीची सोय नाही. पाणी धरून ठेवणारा स्निग्ध थर दर वेळी नव्याने घातला जातो. पण कातडी पाणी अडवते म्हणजे ते पूर्ण थांबवते असं नाही. कोरड्या हवेत साप चोवीस तास थोडं थोडं पाणी गमावत राहतो, कातडीतूनही आणि श्वासातूनही. समोर पाण्याचं भांडं भरलेलं असलं तरीही.

आता माझ्या घरातल्या जानेवारीकडे वळतो. हवेतला ओलावा टक्क्यांत सांगतात तेव्हा तो त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचा हिस्सा असतो. गार हवेत बाष्प कमी मावतं, गरम हवेत जास्त. बाहेर उणे दहा अंश असताना एका घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा फटींतून घरात आली आणि हीटरने बावीस अंशांपर्यंत तापवली की तिच्यात एकोणीस ग्रॅमहून जास्त मावू शकतं. पाणी तेवढंच, जागा मात्र आठपट, म्हणजे ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास. स्वयंपाक, अंघोळ आणि आपले श्वास धरून तो २०-२५ वर जातो. त्यात भर सापाच्या दिव्याची. खोलीत बावीस अंशांना ४५ टक्के ओलावा असला, तरी दिव्याखाली तीच हवा बत्तीस अंशांना पोचते तेव्हा तिथे २५ टक्क्यांच्या जवळच भरतो. आणि पेटीचं झाकण जाळीचं असेल तर गरम हवा त्यातून वर निघून जाते आणि कोरडी हवा आत येत राहते. माशांच्या टाकीला जाळीचं झाकण लावून विकली जाणारी सापाची घरं थंड देशांत म्हणूनच कात अडवणारी यंत्रं ठरतात. आमची पेटीही तेव्हा तशीच होती.

दुकानातून साप आणला तेव्हा सोबत एक छापील पत्रक मिळालं होतं. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, ओलावा ५० ते ६० टक्के, रोज पाणी फवारा. मी रोज फवारत होतो. काट्याचा आर्द्रतामापक काचेला चिकटवला होता आणि तो ५५ दाखवत होता. कात तुटल्यावर मी पहिल्यांदा त्या मापकावरच शंका घेतली. पडताळणी स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ते चिखलासारखं ओलं करायचं, विरघळवायचं नाही, आणि बूच व मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा खोलीच्या तापमानाला बरोबर ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा निसर्गाचा ठरलेला आकडा आहे. सकाळी काट्याचा मापक ९१ दाखवत होता. पेटीत तो दाखवत असलेल्या ५५ चा खरा अर्थ चाळिशीच्याही खाली होता. त्यानंतर मी लांब वायरीचा डिजिटल मापक घेतला, आणि काचेवर उंच न चिकटवता त्याचं टोक साप झोपतो तिथे, जमिनीलगत ठेवलं. मोजायची जागा तीच.

५० ते ६० या आकड्यावरच पाळणाऱ्यांमध्ये खरा वाद आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळांचा रहिवासी. व्यापारासाठी तो मुख्यतः घाना, टोगो आणि बेनिनमधून येतो. माळ म्हटलं की कोरडी हवा डोळ्यांपुढे येते आणि जुन्या पत्रकांतले आकडे तिथूनच आले असावेत असं मला वाटतं. पण हा साप दिवसभर माळावर पडून राहत नाही. तो उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. वारूळ आपल्याला परकं नाही. नागपंचमीला नागाचं घर म्हणून आपण त्याची पूजा करतो. वाळवीला कोरडी हवा मानवत नाही, म्हणून ती वारुळाच्या आत दमटपणा जपते, आणि बाहेर ऊन तापत असताना साप त्या दमट गारव्यात पडून असतो. हवामान खात्याच्या तक्त्यातला आकडा त्या सापाने कधी अनुभवलेलाच नसतो. गेल्या काही वर्षांत बरेच जाणते पाळणारे बॉल पायथनसाठी ६० ते ८० टक्के सांगू लागले आहेत ते यामुळेच, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे.

सगळे साप मात्र एका मापाचे नाहीत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक ४० ते ६० टक्क्यांत उत्तम कात टाकतो, आणि नवशिक्यांना तो सोपा वाटण्याचं हेही एक कारण आहे. पूर्व आफ्रिकेतला सँड बोआ त्याहून कोरड्यात मजेत राहतो. दुसऱ्या टोकाला ब्राझीलचा रेनबो बोआ. तो पावसाळी जंगलातला, त्याला ७५ च्या वर लागतं आणि चार दिवस कोरडे गेले की त्याची कातडी सुरकुतते. या सगळ्यांना एकच आकडा लावणारं पत्रक फाडून टाकावं.

ओलावा वाढवा हा सल्ला ऐकून लोक दुसऱ्या टोकाला जातात, तेव्हा त्याहून वाईट घडतं. हवा दमट असणं वेगळं आणि जमीन चिंब असणं वेगळं. साप दिवसरात्र ओल्या भुशावर पोट टेकून राहिला, त्यात वारा खेळता नसला आणि घाण साचली, की पोटाच्या खवल्यांवर आधी तांबूस डाग आणि मग पाण्याचे फोड येतात. पाळणारे याला स्केल रॉट म्हणतात. जिवाणू आत शिरले तर रक्तदोष होऊन साप मरतो. कात अडल्याने साप क्वचित मरतो, कुजल्याने मात्र मरतो, हे मनात पक्कं असावं. जंगलातही ओल घातक ठरते. न्यू हॅम्पशायरमध्ये टिंबर रॅटलस्नेकची एक छोटी, एकाकी वस्ती २००६ च्या अतिपावसाच्या वर्षानंतर निम्म्यावर आली आणि उरलेल्यांच्या कातडीवर बुरशीजन्य जखमांची लक्षणं दिसली. पुढे उत्तर अमेरिकेत सापांच्या बुरशीरोगावर भरपूर काम झालं. या रोगात साप वरचेवर कात टाकतो आणि रोगट थर फेकून देण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे पाळलेला प्रौढ साप अचानक लवकर लवकर कात टाकू लागला तर आनंद मानू नये, डॉक्टरांना दाखवावं. वाढत्या पिल्लांची गोष्ट वेगळी, ती चार-सहा आठवड्यांनी टाकतातच.

माझं ठाम मत असं झालं आहे की आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पेटीत निवड ठेवावी. गरम कोपरा आणि गार कोपरा आपण देतो, तसाच कोरडा कोपरा आणि दमट कोपराही द्यावा. यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे दमट लपणीचा डबा. झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, सापाचं अंग आरामात जाईल एवढं गोल भोक पाडायचं, कडा घासून बोथट करायच्या, आणि आत स्फॅग्नम शेवाळ भिजवून, घट्ट पिळून भरायचं. मुठीत दाबल्यावर थेंब पडला नाही तर ओल बरोबर आहे. शेवाळ आठवड्याला बदलायचं. आमचा साप डोळे निळे होण्याआधी दोन दिवस आपणहून त्या डब्यात शिरतो आणि कात निघाली की कोरड्या ओंडक्याखाली परततो. त्याला पत्रक वाचावं लागत नाही.

जमिनीवर काय पसरावं यावरही बरंच बोललं जातं. ॲस्पेन लाकडाचा भुसा कॉर्न स्नेकला चांगला, पण ओला झाला की त्याला दोन दिवसांत बुरशी येते. देवदार वर्गातल्या सुवासिक लाकडाचा भुसा कधीच नको, त्यातली तेलं सापाला बाधतात. दमट पेटीसाठी सर्वांत चांगला नारळाचा काथ्या आणि त्याचे तुकडे. इथल्या दुकानात मिळणारी दाबलेली वीट उलटून पाहिली तर तिच्यावर बहुधा भारताचं किंवा श्रीलंकेचं नाव असतं. कुंड्यांसाठी आपण ज्याला कोकोपीट म्हणतो तेच हे. खालच्या थरात पाणी ओतायचं आणि वरचा थर कोरडा ठेवायचा, म्हणजे हवा दमट राहते आणि पोट कोरडं. रोजच्या फवाऱ्याने नेमकं उलटं होतं. वरचा थर चिंब होतो आणि तासाभरात हवा पुन्हा कोरडी. माझ्या पेटीचं जाळीचं झाकण तीन चतुर्थांश झाकल्यावर आणि दिवा काढून बाजूने उष्णता दिल्यावर आकडा पहिल्या आठवड्यातच ६५ वर स्थिरावला.

कात अडलीच, तर उपाय सोपा आहे आणि तो अंगाला हात न लावता होतो. हवेसाठी भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घालून सापाला अर्धा तास ठेवावं. पाणी २८-३० अंशांहून गरम नको. मग ओल्या टॉवेलमधून त्याला हळूहळू सरपटू द्यावं. टॉवेलच्या खरखरीने मऊ झालेले तुकडे आपोआप सुटतात. काही जण सापाला थेट पाण्यात सोडतात. तेही चालतं, पण पाणी उथळ हवं आणि माणूस समोर हवा, कारण थकलेला साप बुडू शकतो. एक जागा मात्र नेमाने तपासावी, ती शेपटीचं टोक. तिथे कातीचं कडं राहिलं की ते वाळून आवळतं, रक्त थांबतं, आणि पुढच्या काही महिन्यांत टोक काळं पडून गळतं. दोन-तीन काती तिथे एकावर एक साचलेले साप मी पाहिले आहेत.

डोळ्याचं प्रकरण वेगळं. सापाला पापण्या नसतात. गर्भात असतानाच त्या एकमेकींना जुळून पारदर्शक होतात आणि डोळ्यावर कायमची काच बसते. ती काच जिवंत असते. २०१३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात केविन व्हॅन डूर्न आणि जेकब सिवाक यांनी कोचव्हिप सापांच्या या काचेतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या. माणूस समोर आला की साप त्यांतला प्रवाह जास्त वेळ थांबवून ठेवतो, बहुधा नजर स्वच्छ राहावी म्हणून. कात तयार होत असताना मात्र रक्त अखंड, जोरात वाहत राहतं, कारण तेव्हा तिथे नवा थर बांधला जात असतो. या काचेच्या आत अश्रूंसारखा द्रव असतो आणि त्याखाली खरा डोळा. बाहेर चिकटलेली चकती केसाच्या जाडीची असते. ती चिमट्याने किंवा चिकटपट्टीने काढायला जाणारा माणूस खालची काच फाडू शकतो, आणि ती फाटली की डोळा सुकून जातो, साप आंधळा होतो. म्हणून चकती राहिली तर ओलावा वाढवावा आणि पुढच्या कातीची वाट पाहावी. त्या कातीतही निघाली नाही, किंवा डोळा सुजला, तर डॉक्टरांकडे जावं. मी चिमटा हातात घेतला होता. मुलीने हात धरला म्हणून वाचलो.

हवा ठीक असूनही कात अडत राहिली तर मग इतर कारणं शोधायची. पहिलं नाव माईट नावाच्या बारीक परजीवींचं. खवल्यांच्या खाली आणि डोळ्याच्या कडेला मोहरीहूनही बारीक काळे ठिपके फिरताना दिसतात, साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसतो आणि पाण्यात काळी रेती पडल्यासारखी दिसते. जुन्या भाजलेल्या किंवा चावलेल्या जखमेच्या वणावर कात दर वेळी त्याच जागी अडते. त्याला इलाज नाही, तेवढी जागा दर वेळी ओली करून द्यावी लागते. उपाशी, रोगट किंवा घासायला खरखरीत काही नसलेल्या पेटीतल्या सापाचीही कात अडते. अंग घासायला काही हवंच, याचा पुरावा समुद्रात मिळतो. उघड्या पाण्यात राहणारा पिवळ्या पोटाचा समुद्रसाप स्वतःच्याच अंगाची गाठ मारतो आणि त्या गाठीतून सरकत अंगाला अंग घासून कात सोडवतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नाग, धामण, अजगर यांच्यासारखे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पुण्या-मुंबईत असे साप पाळणारे आता भेटतात आणि त्यांचा त्रास माझ्यापेक्षा उलट्या क्रमाने येतो. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये ओलावा आपोआप ८५-९० असतो, तिथे कात नीट निघते पण पोट कुजण्याची भीती. विदर्भात मे महिन्यात कूलरविना दुपारची हवा माझ्या जानेवारीइतकीच कोरडी. एका राज्यात, एकाच सापाला, दोन ऋतूंत दोन वेगळ्या पेट्या लागतात. आणि घरातून पकडलेला साप सोडायच्या आधी बरणीत ठेवावा लागला आणि त्याचे डोळे निळे असले, तर सर्पमित्रांनी त्याची कात सोलायचा मोह टाळावा. वनखात्याला कळवून त्याला लवकर बाहेर सोडणं हाच त्याला दिलेला ओलावा.

जाणत्यांमध्ये अजून मिटलेला नाही असा एक प्रश्न राहतो. ओलावा दिवसभर एकसारखा ठेवावा, की रात्री चढवून दिवसा उतरू द्यावा? झाडावरच्या पायथनांचे जुने पाळणारे दुसऱ्या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. संध्याकाळी भिजवावं, सकाळपर्यंत पेटी वाळू द्यावी, कारण जंगलातही तसंच होतं, असं त्यांचं म्हणणं. बिळात राहणाऱ्या सापांना मात्र स्थिर ओलावा हवा असं मला वाटतं, कारण बिळाच्या आत दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही.

आमच्या सापाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुढची कात टाकली. एकसंध, त्या शेवाळाच्या डब्यातच, ओली आणि मऊ. मुलीने ती पाण्यात धरून उलगडली आणि डोक्याचा भाग खिडकीकडे धरला. उजव्या डोळ्याची चकती पातळ, आरपार दिसणारी. डावीकडची जरा जाड होती, कडेला दुधाळ. नखाने हलकेच सरकवली तर तिच्या दोन चकत्या झाल्या.